बालमधुमेह : दोष कोणाचा?

१४ नोव्हेंबर हा दिवस शाळाशाळांतून बालदिन म्हणून साजरा होतो. पंडित नेहरूंचा हा जन्मदिवस, साल १८८९. त्याच तारखेस, दोन वर्षांनी, कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. इन्सुलिनच्या शोधाचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते हे बँटिंग. आणि म्हणूनच १९९१ पासून जागतिक मधुमेह दिनही १४ नोव्हेंबरलाच पाळला जातो. बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेस यावेत हा निव्वळ योगायोग. तथापि त्या निमित्ताने ज्याचा विचार व्हायला हवा, त्या बालमधुमेहाची आठवण मात्र ह्या दोन्ही दिवसांत क्वचितच कोणाला होते.

मधुमेह म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या गृहस्थाचा आजार, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तातील साखर बेसुमार वाढलेली आढळली की सारे घर हादरते. पहिला धक्का ओसरला की नातेवाईक जमतात आणि दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक : ‘पोराला एवढे गोडधोड खायला घातलेत तरी कशाला?’ आणि दुसरा : ‘तुमच्या माहेरी कोणाला होता का हो?’ दोन्ही प्रश्नांचा रोख बहुधा एकाच व्यक्तीकडे असतो. ती म्हणजे मुलाची आई. मुलाला रोज सुई टोचण्याचे दुःख तिच्या वाट्याला आधीच आलेले असते. त्यावर हा आरोप.

आहार आणि आनुवंशिकता ह्या दोन गोष्टींचा बालमधुमेहाशी संबंध आहे, हे खरेच. परंतु तो संबंध कसा आहे, हे शास्त्राने गेल्या काही दशकांत बरेच उलगडून दाखविले आहे. आणि त्या प्रकाशात पाहिले तर वरील दोन्ही प्रश्न चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या व्यक्तीला विचारले जातात, असेच म्हणावे लागते.

एक नाव, दोन रोग

मुळात ‘मधुमेह’ ह्या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळे रोग नांदतात. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. ह्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच वाट चुकते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना परके समजून नष्ट करते. इन्सुलिनचा झराच आटल्यामुळे ते बाहेरून टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेही जन्मभर. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन तयार होत असते. परंतु शरीर त्याला दाद देईनासे होते आणि वाढती गरज भागविताना स्वादुपिंड हळूहळू थकते. हा प्रौढांचा रोग मानला जाई. आता तो किशोरवयातही डोकावू लागला आहे.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी पहिल्या प्रकारच्या मुलांवर एकच उपाय केला जाई, तो म्हणजे उपासमार. खाणे जवळजवळ बंद करून काही महिन्यांचे आयुष्य मिळवायचे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले आणि ते युग संपले. केवळ पथ्याने, काढ्याने वा उपासाने हा रोग बरा होत असता, तर त्या उपासमारीच्या काळात मुले वाचली असती. म्हणूनच पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद करून कोणाच्या तरी ‘हमखास’ औषधावर विसंबणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ होय.

वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे

आता त्या माहेरच्या प्रश्नाकडे वळू. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. आपले कोणते आणि परके कोणते हे रोगप्रतिकारशक्तीला ओळखता यावे म्हणून सहाव्या गुणसूत्रावर ‘एचएलए’ नावाचा जनुकांचा एक समूह असतो. त्यातील काही विशिष्ट जोड्या वाट्यास आलेल्या मुलाला ह्या रोगाचा धोका इतरांहून बराच अधिक असतो. ही जनुके आईकडूनही येतात आणि वडिलांकडूनही. किंबहुना वडिलांना हा रोग असेल तर तो अपत्याला होण्याची शक्यता आईला असण्यापेक्षा काहीशी जास्तच असते. तेव्हा माहेरकडे बोट दाखविणाऱ्यांनी सासरचाही वंशवृक्ष तपासायला हवा.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही जनुके बाळगणाऱ्या बहुसंख्य मुलांना हा रोग कधीच होत नाही. एका भावंडाला तो झाला असता दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात सुमारे पाचच आहे. ज्यांची सारी जनुके सारखी असतात अशा एकरूप जुळ्यांतही, एकाला झाला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असे नाही. निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा त्यातून सुटलेला आढळतो. उलट, ज्या मुलांना हा रोग नव्याने होतो त्यांतील बहुतेकांच्या घरात तो पूर्वी कोणालाही नसतो. जनुके दारूगोळा पुरवितात. ठिणगी मात्र बाहेरून पडावी लागते.

ह्याचा ठळक पुरावा उत्तर युरोपात सापडतो. मुलांमधील ह्या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक फिनलंडमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत ते तेथे कित्येक पटींनी वाढले. दोन पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुके इतकी बदलू शकत नाहीत. बदलते ते राहणीमान. फिनलंडच्या सीमेपलीकडे रशियाच्या हद्दीत करेलिया नावाचा प्रांत आहे. तेथील मुलांत धोक्याच्या जनुकांचे प्रमाण फिनलंडमधल्यासारखेच. परंतु रोगाचे प्रमाण मात्र फिनलंडच्या सुमारे एक षष्ठांश आढळले. एक सीमारेषा ओलांडताच रोग इतका घटतो, ह्याचा अर्थ त्याचे मूळ केवळ रक्तात नाही.

दुधावर आलेले किटाळ

मग ही बाहेरची ठिणगी कोणती? संशोधकांचा संशय प्रथम आहारावरच गेला. बाळाला गाईचे दूध फार लवकर दिल्याने, किंवा गहू आणि इतर धान्ये लवकर वा उशिरा सुरू केल्याने रोगप्रतिकारशक्ती बिथरत असावी काय, ह्याचा कसून तपास झाला. गाईच्या दुधावरील आरोपाची परीक्षा तर एका मोठ्या प्रयोगाने घेण्यात आली. पंधरा देशांतील, घरात हा रोग असलेल्या आणि जोखमीची जनुके असलेल्या २१५९ बालकांपैकी निम्म्यांना वरच्या दुधाऐवजी त्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले विशेष दूध देण्यात आले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते.

अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन ह्या चार देशांत २००४ पासून आठ हजारांहून अधिक जोखमीच्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणारा आणखी एक प्रदीर्घ अभ्यास झाला. आतड्यातील काही विषाणूंचा दीर्घकाळ रेंगाळणारा संसर्ग, पहिल्या वर्षांतील वाढीचा वेग, ड जीवनसत्त्व अशा अनेक दुव्यांवर त्यातून प्रकाश पडला. परंतु ‘हा पदार्थ खाल्ला म्हणून हा रोग झाला’ असे बोट ठेवण्याजोगे एकही अन्न हाती लागलेले नाही. साखर, गूळ, पेढा वा चॉकलेट ह्यांपैकी कशानेही पहिल्या प्रकारचा मधुमेह होत नाही.

हे विधान नीट समजून घेण्याजोगे आहे. आईचे दूध बाळाला सहा महिने निव्वळ द्यावे आणि त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, हा सल्ला इतर अनेक कारणांसाठी हितकारक आहेच. परंतु ज्या मातेला काही कारणाने तसे करता आले नाही, तिच्या मुलाला पुढे हा रोग झाला तर तो तिच्या हातून घडलेला अपराध ठरत नाही. ‘काय खायला घातलेस?’ ह्या प्रश्नाला पहिल्या प्रकारच्या मधुमेहापुरते शास्त्राचे उत्तर एवढेच आहे, की हा प्रश्न तिला विचारू नये.

पुण्याजवळची सहा गावे

दुसऱ्या प्रकाराची गोष्ट मात्र निराळी. तेथे आहाराचा प्रश्न रास्त आहे. तो फक्त फार उशिरा विचारला जातो. हे दाखवून देणारे जगन्मान्य संशोधन महाराष्ट्राच्याच मातीत झाले, ही अभिमानाची बाब म्हणता येईल. जे दिसून आले ते मात्र अंतर्मुख करणारे आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा गावांत एक अभ्यास आरंभिला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची गरोदर राहण्यापूर्वीच उंची, वजने घेतली. गरोदरपणी त्या काय खातात, किती कष्ट करतात ह्याची नोंद केली. आणि त्यांच्या बाळांचा माग पुढे वर्षानुवर्षे ठेवला. ह्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी त्यांची तुलना केली गेली. ती होती ३.५ किलोंची. आपली बाळे प्रत्येक मापात लहान निघाली. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण एक गोष्ट त्या मानाने कमी नव्हती, ती म्हणजे कातडीखालची चरबी. दिसायला हडकुळे, पण आतून मेदयुक्त, असे हे भारतीय बाळ. जन्मतःच त्याच्या देहाची घडण मधुमेहाला अनुकूल झालेली असते.

ही घडण प्रौढपणीही टिकते. २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन ह्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला कसला मधुमेह?’ असे म्हणणाऱ्या पालकांना हे एक छायाचित्र पुरेसे उत्तर आहे.

ह्या गावांतील मातांच्या आहाराने आणखी एक धडा शिकविला. बाळाच्या आकाराचा संबंध किती उष्मांक पोटात गेले ह्यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे किती वेळा ताटात आली ह्याच्याशी अधिक आढळला. ज्या माता शेतात आणि घरात अधिक कष्ट उपसत, त्यांची बाळे लहान जन्मत. दर तीन मातांपैकी सुमारे दोघींच्या रक्तात बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत असल्याचे दिसले. पुढे ही मुले अठराची झाली. अंगाने अनेक जण कृशच, तरीही त्यांतील लक्षणीय संख्येच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर निघाली. ह्याचा अर्थ गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या लोह-फोलिकच्या गोळ्या टाळाव्यात असा मुळीच नव्हे. त्या हव्याच. त्यांच्या जोडीने ताटात दूध, दही, अंडे हवे, असा त्याचा अर्थ आहे.

जनुकांवरील खुणा

आईने काय खाल्ले ह्याचा बाळाच्या जनुकांवर परिणाम कसा होतो, ह्याचेही काही उत्तर मिळू लागले आहे. जनुके बदलत नाहीत. परंतु त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा उमटतात आणि कोणते जनुक किती जागे राहील हे त्या खुणांवर ठरते. ह्या खुणा घडविण्याच्या कामी फोलेट आणि बी-१२ ह्यांचाच हातभार लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या महिन्यांत जे गर्भात होते, त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता पन्नाशीत इतरांहून उणी आढळली. आणि सहा दशकांनंतरही त्यांच्या जनुकांवरील काही खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांहून वेगळ्या होत्या. गर्भाने उपासमार नोंदवून ठेवली होती.

ह्याच्या उलट टोकाची नोंद इंग्लंडात सापडते. युद्धकाळापासून तेथे साखरेवर रेशन होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि साखरेचा खप थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाला. गर्भावस्था आणि जन्मानंतरची पहिली वर्षे ज्यांनी रेशनच्या काळात काढली, त्यांच्यात पुढे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला, आणि ज्यांना रोग झाला त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे हजार दिवस म्हणजे देहाच्या पायाभरणीचा काळ. त्या काळात उपासमार झाली तरी धोका आणि साखरेचा मारा झाला तरी धोका. दोन्ही एकापाठोपाठ आले, आईच्या पोटात उणीव आणि शाळेच्या दारात बरणीभर गोळ्या, तर धोका सर्वांत अधिक.

नाशिकची दोन ताटे

नाशिक जिल्ह्यात ही दोन्ही टोके एकाच नकाशावर आहेत. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी असा डोंगराळ आदिवासी पट्टा. तर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागा, आणि मध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवती वाढलेले शहर. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे चौथा हिस्सा आदिवासींचा. डोंगरातील ताटात नागलीची भाकरी, भात, वरई, उडदाचे वा कुळथाचे कालवण आणि पावसाळ्यात रानभाजी. नागली ही गरिबाची भाकरी म्हणून हिणवली गेली. पण शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, हे शहरातील कितीजणांना ठाऊक आहे? त्या ताटात उणे आहे ते दूध, अंडे आणि फळ. द्राक्षांचा हंगाम आला की ह्याच पाड्यांवरची माणसे बागांत कामाला उतरतात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. परंतु बाईचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाई शे-पाऊणशे किलोमीटरवरील बागेत, अशी स्थिती असेल तर ते जेवण तिच्यापर्यंत पोहोचावे कसे?

शहरातील ताट वेगळ्या अर्थाने उणे आहे. पोळी-भाजीचा डबा परत येतो आणि मधल्या सुटीत वेफर, बिस्किटे, शीतपेय पोटात जाते. मैदानाची जागा शिकवणीने घेतली, आणि उरलेला वेळ दूरध्वनीच्या पडद्याने. २०१६ ते २०१८ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, देशातील १० ते १९ वर्षे वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. ह्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी होती. एकाच देशाची ही दोन चित्रे परस्परविरुद्ध वाटतात. पुण्याजवळच्या त्या सहा गावांनी मात्र एकातून दुसरे कसे निघते हे दाखविले आहे. आजची अशक्त मुलगी उद्या शहरात नांदायला येते, सुबत्तेचे अन्न खाते, गरोदरपणी तिच्या रक्तातील साखर वाढते, आणि ती वाढीव साखर पोटातील बाळाच्या स्वादुपिंडावर पुन्हा ताण आणते. रोगाचा वारसा असाही चालतो, आणि त्याला वाईट जनुकेच लागतात असे नाही.

उपासमारीतून थेट उद्भवणाऱ्या मधुमेहाचे अस्तित्व तर आता पुन्हा मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेहाला स्वतंत्र वर्ग दिला होता; १९९९ मध्ये तो काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांच्या कामामुळे ह्या प्रश्नाला पुन्हा चालना मिळाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. कृश, गरीब तरुणांत आढळणारा हा रोग पहिल्या प्रकाराचा समजून इन्सुलिनची मात्रा जास्त दिली गेली, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांना ही जाण असणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

शाळेच्या दारात

ह्या सर्वांत शिक्षकांचा संबंध कोठे येतो? पहिला संबंध ओळखण्याचा. वर्गातील मूल वारंवार पाणी पिऊ लागले, लघवीसाठी सारखे बाहेर जाऊ लागले, अंथरूण ओले न करणारे पुन्हा करू लागले, भरपूर खाऊनही दोन-चार आठवड्यांत वाळले, तर त्याला आळशी वा खोडकर न ठरविता पालकांना त्याच दिवशी कळवावे. बोटाच्या एका थेंबावर ही तपासणी होते. ती लांबली तर उलट्या, पोटदुखी, खोल धापा आणि गुंगी इथवर मजल जाते, आणि पोटाचा विकार म्हणून उपचार होता होता मूल दगावते.

दुसरा संबंध सांभाळण्याचा. निदान झालेल्या मुलाला शाळेच्या वेळेत रक्त तपासावे लागते, इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, आणि साखर उतरली तर, म्हणजे घाम फुटला, हात कापू लागले, मूल गोंधळले तर, तत्काळ साखर वा गूळ खावा लागतो. ज्या मुलाला गोड वर्ज्य असे सारे समजतात, त्याच्या खिशात साखरेची पुडी असणे हाच त्याच्या सुरक्षिततेचा भाग असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेस खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सर्व राज्यांना ह्याविषयी लिहिले. परिपत्रके निघतात, ती मुख्याध्यापकांच्या कपाटातून वर्गापर्यंत येण्याची वाट मात्र लांब असते.

तिसरा संबंध ताटाचा. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अति चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय नियम २०२० मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही शाळेच्या दारात मधल्या सुटीत उभे राहून पाहता येईल. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी बंद करण्यात आला. बी-१२ ची उणीव घरोघरी असताना आठवड्याचे एक अंडे परवडत नाही असे म्हणणाऱ्या व्यवस्थेला उद्याच्या मधुमेहींची औषधे मात्र परवडावी लागणार आहेत.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. तरुण वयात मधुमेह झालेल्यांची देशपातळीवरील नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये सुरू केली. त्याच धर्तीवर ह्या जिल्ह्यातील बालमधुमेहींची तालुकावार नोंद ठेवणे, पाड्यावरील मुलीच्या वजनापासून बागेतील गरोदर मजूर स्त्रीच्या जेवणापर्यंत धागा जोडून पाहणे, हे काम येथे होण्याजोगे आहे. किशोरवयीन मुलामुलींनाच बी-१२ देऊन पुढच्या पिढीची बाळे सुदृढ होतात काय, हे पाहणारा प्रयोग पुण्याजवळच्या त्याच गावांत २०१२ मध्ये सुरू झाला. दोनशे किलोमीटरवर जे सुचले, ते इथे सुचणे अवघड नाही.

राहता राहिली ती आई. तिच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, तर तिने दिलेल्या कोणत्याही घासाने तो झालेला नाही, आणि तिच्या माहेरची जनुके सासरच्या जनुकांपेक्षा अधिक दोषी नाहीत. दुसऱ्या प्रकारचा असेल, तर त्याची सुरुवात कदाचित ती स्वतः वाढत्या वयाची असताना, भावाच्या वाटीत दूध पडून तिच्या वाटीत न पडले त्या दिवशी झालेली असेल. ‘काय खायला घातलेस?’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो तिला नव्हे, तिच्याविषयी विचारावा : ती मुलगी होती तेव्हा, आणि गरोदर होती तेव्हा, तिला कोणी काय खायला घातले?